आधी जेव, मग सांगते

सानिका आणि ईशान,

हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, पण बोलणार आहे विनूशी. तुमचा विनूआजोबा, माझा धाकटा भाऊ, गेला त्याला अजून महिनाही झालेला नाही. मागच्या शनिवारी ईशानने मला फोनवर एक प्रश्न विचारला. मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, आणि फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. येत्या शनिवारी तो पुन्हा विचारेल. त्याच्या आत मला उत्तर ठरवायचं आहे, आणि काहीही ठरवायचं म्हणजे आधी विनूशी भांडायचं अशी माझी आयुष्यभराची सवय आहे. ती अशी एकदम सुटत नाही. सानिका, तुला मराठी नीट वाचता येतं. ईशानला तू वाचून दाखव. मी लांबण लावली असेल तिथे गाळलंस तरी चालेल, पण हणमंताच्या आईची गोष्ट गाळू नकोस.

विनू, सकाळपासून मी टीव्हीच्या रिमोटची जागा बदलते आहे. टेबलावर ठेवला की वाटतं तू उचलशील. कपाटात ठेवला की काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. तू असतास तर म्हणाला असतास, "ताई, त्याला इस्त्रीपण कर."

शनिवारचं आपलं ठरलेलं होतं. इथे मोशीत सकाळचे सात, तेव्हा कॅलगरीत शुक्रवारची संध्याकाळ. तू कासारवाडीच्या तुझ्या खोलीतून पहिल्या बसने निघायचास, येताना स्टेशनजवळच्या बेकरीतली खारी आणायचास. मी पोहे केलेले असायचे, तरी तू खारी चहात बुडवून खायचास आणि तिचा चुरा माझ्या सोफ्याच्या शिवणीत जायचा. पोरांची आई मुग्धा तिकडून फोन लावायची. तो आपण स्टुलावर ठेवायचो, स्पीकर चालू करून. दोन्ही घरांत मालिकेचा तोच भाग लावून ठेवलेला असायचा. मग तू फोरमनच्या आवाजात मोजायचास, तीन, दोन, एक, आणि दोन खंडांत एकाच वेळी बटण दाबलं जायचं. एकाच वेळी असं आपण म्हणायचो. आपला टीव्ही दोन सेकंद मागेच असायचा. तिकडे पोरं हसायची, मग आपल्याकडे विनोद व्हायचा. तू मला बजावायचास, "हसण्यासारखं काहीतरी येतंय, तयार राहा."

मालिका पोरांनी निवडलेली. बंदराच्या कुठल्याशा शहरातला एक तरुण, दिवसा जहाजं दुरुस्त करणारा आणि बाकीच्या वेळी राखाडी झगा चढवून, तोंड झाकून लोकांना वाचवणारा. त्याच्या अंगात अचाट ताकद आहे हे त्याच्या दोन मित्रांनाच ठाऊक. आईलासुद्धा नाही. तू त्याला फिटर म्हणायला लागलास आणि त्याचं खरं नाव आम्ही सगळे विसरलो. पहिल्याच भागात तू त्याच्या झग्यावर हरकत घेतलीस. फिरत्या मशीनजवळ सैल कपडा म्हणजे माणूस आत ओढला जायचा, आमच्याकडे चाकणच्या कारखान्यात असल्याला गेटवरूनच परत पाठवतील, असं तू पोरांना समजावलंस. पुढच्या आठवड्यात ईशानने फिटरचं चित्र काढून पाठवलं. त्यात झगा पँटमध्ये खोचलेला होता.

मला या मालिका आवडत नव्हत्या हे तुला माहीत होतं. जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं, आता म्हातारपणी उडणारी माणसं कशाला बघायची? पण आठवड्यातला तेवढा एक तास आपण चौघं एका ठिकाणी असायचो, म्हणून मी बसायचे. मग फिटर मेला, आणि नुसती बसणारी मी बघायला लागले.

माणसांनी भरलेला पूल कोसळत होता. तो खाली उभा राहून पूल पेलत होता. शेवटचा माणूस पलीकडे पोचला आणि पूल त्याच्यासकट नदीत गेला. फोनवर सानिकाचं रडणं ऐकू येत होतं. तू म्हणालास, एवढ्या लोकांत एकानेही विचारलं नाही की ह्या पुलाचा कंत्राटदार कोण. मी तुला गप्प केलं. तर तू उठून उभा राहिलास. कंपनीत कोणी गेलं की लाइन थांबवून दोन मिनिटं उभं राहतात, इथेही राहायचं, असं जाहीर केलंस. तू थट्टा करतो आहेस की खरंच म्हणतो आहेस ते मला कळेना. तिकडे पोरं, मुग्धाने सांगितलं, हातात पिझ्झा घेऊन उभी राहिली, इथे मी झारा घेऊन. तू घड्याळाकडे बघत होतास. वेळ झाली तसा म्हणालास, "चला, कामाला."

त्यानंतरचे भाग सगळे दुःखाचे होते. मी तुला म्हटलं, या लोकांना दुःख दाखवता येत नाही. अंत्यविधीला पाऊस पाडायचा, काळ्या छत्र्या उघडायच्या, एक भाषण करायचं. मग त्या दुःखाचा राग बनवायचा आणि रागाला नवा पोशाख शिवायचा. मेलेल्याचा दात घासायचा ब्रश कोणी फेकला ते कधी दाखवत नाहीत. तुझं म्हणणं वेगळं. "ताई, त्यांच्यात तेरावा नाही. दिवस कधी संपले ते सांगायला कोणी नाही. म्हणून बिचाऱ्यांना इतके भाग लागतात."

एका भागात मात्र काहीच झालं नाही. फिटरचा मित्र त्याच्या खोलीत जातो, दोरीवरचे वाळलेले कपडे काढतो आणि घड्या करत बसतो. एकही मारामारी नाही. ईशान कंटाळून उठून गेला. तू त्या पूर्ण भागात एक शब्द बोलला नाहीस. खारी चहात विरघळून गेली.

आणि मग ती आई आली. शहराने चौकात फिटरचा पुतळा उभारला, लोक फुलं ठेवत होते. त्याच रस्त्याने त्याची आई बाजार करून घरी जाते, पुतळ्याला दोन फुलं वाहते आणि घरी येऊन मुलासाठी जेवण झाकून ठेवते. तिच्या लेखी तो कुठल्याशा जहाजावर कामाला गेलेला आहे, येईल. तिला खरं सांगायचं तर मुलाचं गुपित फोडावं लागणार, म्हणून मित्र गप्प. नदीत देह सापडलेला नाही, म्हणून त्यांनाही मनातून वाटतं, कोण जाणे.

तिथे आपलं जुंपलं. मी म्हणाले, सांगायलाच हवं. तिच्या दुःखावर तिचा हक्क आहे, तो तुम्ही कोण रोखून धरणारे? तू म्हणालास, झाकू दे तिला ताट. मी म्हणाले, हा भेकडपणा आहे. तेव्हा पोरांचा फोन ठेवून झालेला होता. तू कप धुवायला उचललास आणि माझ्याकडे पाठ करून हणमंताची गोष्ट सांगितलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चाकणचा माळ तेव्हा कंपन्यांनी नुकता भरायला लागला होता. हणमंत तुझ्या लाइनवरचा, लातूरकडचा, तुझ्याच खोलीत राहणारा. कामावर येताना ट्रकखाली गेला. गावात फोन होता तो एकट्या सरपंचाकडे, आणि फोनवर सांगायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. घर माहीत असलेला तू एकटा, म्हणून तुला पाठवलं. तू एसटीने पोचलास तेव्हा त्याची आई चुलीपुढे होती. तिने तुला ओळखलं. म्हणाली, "हणमंताचा दोस्त हाईस का रं तू? लांबनं आलास. आधी जेव." आणि तू जेवलास. पिठलं होतं. दोन भाकरी खाल्ल्यास, तिसरी तिने वाढली, तीही खाल्लीस.

"भूक होती असं नाही, ताई," तू म्हणालास. "ती वाढत होती. वाढत होती तोवर तिचा मुलगा होता."

मी काय म्हणाले ते मला आठवतं आहे. मी म्हणाले, पण शेवटी सांगितलंस ना. तू म्हणालास, हो. आणि कप पुसून जागेवर ठेवलास, माझ्या जागेवर, दांडी उजवीकडे करून. वाद तिथेच राहिला. पुढच्या शनिवारी शेवटचा भाग होता. आईला सांगतात की नाही ते कळणार होतं. तू पैज लावली होतीस की सांगणारच नाहीत, त्याआधी फिटर परत येईल. नटाचा करार शिल्लक असणार, असं तुझं कारण.

तो शनिवार आलाच नाही. तू बुधवारी दुपारी जेवून आडवा झालास आणि उठला नाहीस. तुझ्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. मी पोचले तेव्हा तू कॉटवर होतास, भिंतीकडे तोंड करून, रागावल्यावर लहानपणी झोपायचास तसा. खोली इतकी आवरलेली होती की तुला आधीच कळलं होतं की काय असा मला संशय आला.

तुला नेण्याआधी सगळे ओळीने तुझ्या पाया पडले. तुझ्या लाइनवरची माणसं आली होती, काही जण शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच. मी मोठी बहीण. मोठ्याने धाकट्याच्या पाया पडायचं नसतं, आणि मग हात ठेवायचा कुठे ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी जरा वेळ नुसतीच उभी राहिले. मग तुझ्या केसांवरून हात फिरवला. तेलकट होते. शर्टाची बटणं एक काज सोडून लागलेली होती. मी ती सगळी काढून परत लावली. मागची माणसं खोळंबली, पण कोणी घाई केली नाही.

मुग्धा तिकडून फोनवर बघत होती. पोरांना दाखवायचं नाही असं तिने ठरवलं आणि त्यांना खोलीबाहेर पाठवलं. तिची चूक म्हणत नाही मी. ईशान नऊ वर्षांचा आहे. पण मग तिने दोघांना सांगितलं, विनूआजोबा गेला, आपण त्याच्यासारखं दोन मिनिटं उभं राहू. सानिका उभी राहिली. ईशान बसून राहिला. शाळेतही त्याने कोणाला सांगितलं नाही. शेवटचा भाग बघू या म्हटलं तर म्हणाला, विनूआजोबा आल्यावर. आणि मागच्या शनिवारी त्याने मला विचारलं, "आजी, त्याला मेलेला कोणी बघितलंय का? कॅमेऱ्यात दाखवला नाही. दाखवत नाहीत तो परत येतो." मागून सानिका त्याला ओरडली. तो तिला म्हणाला, तुला नाही, आजीला विचारतोय.

आणि फिटरच्या आईला सांगायलाच हवं म्हणून तुला भेकड म्हणणारी मी, मला कुकर आठवला.

दहाव्याचं तुला सांगायचं राहिलं. इंद्रायणीच्या घाटावर गेलो होतो. मुलांना ठाऊक नसेल: दहाव्या दिवशी भाताचे पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवत नसला तर गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे असं मानून घरची माणसं एकेक वचन देतात, हे करू, ते करू, तू काळजी करू नकोस. मी वाक्य तयार ठेवलं होतं. शेवटचा भाग पोरांबरोबर बघेन, विनू. कावळा थांबला की म्हणायचं. पण आम्ही मागे सरकतो न सरकतो तोच तो येऊन घास घेऊन गेला. तुझ्या लाइनवरचा किसन, मूळचा चाकणचाच, मला समजावायला आला. "ताई, थांबलासुदिक न्हाई बघा. इन्याचं काय राह्यलंच न्हाई. समाधानी मानूस."

सगळ्यांना बरं वाटलं. मला तुझा राग आला. काहीच राहिलं नाही? फिटरच्या आईचं काय झालं ते बघायचं नव्हतं तुला? माझ्याशी वाद अर्धा टाकून जाताना काही वाटलं नाही? लोक चपला घालायला लागल्यावर मी माझं वाक्य त्या रिकाम्या पत्रावळीला सांगून टाकलं. किसनने ऐकलं असावं. तो नदीकडे बघायला लागला.

तेरावाही झाला. गोड जेवण झालं, पाहुणे गेले, दिवस संपले असं मला रीतसर सांगण्यात आलं. त्यानंतर मी तीन कपाटं आवरली, आवरलेलीच. विनू, तू त्या परदेशी लोकांना हसलास. आपल्याकडे तेरावा असूनही मला अजून बरेच भाग लागणार आहेत.

तर आता सांग. ईशानला काय सांगू? म्हटलं की हो, मी बघितलं, तर त्याच्या हातातला तो शेवटचा भाग मी काढून घेतला. तो भाग बघितलेला नाही तोवर तू त्याच्या हिशेबी उशिरा येणारा आहेस, बस चुकलेला. नाही सांगितलं तर तो दर शनिवारी ताट झाकून ठेवणार. माझं मत बदललेलं नाही. फक्त माझ्या मताला तोंड उघडता येत नाही. आणि तू गप्प आहेस, जे तू आयुष्यात एका भागापुरतंच होतास.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज शनिवार, दुपार. आता सांगते काय झालं ते.

सात वाजता फोन लागला. मी ईशानला विचारलं, जेवलास का? म्हणाला, नाही, बघताना खातो. मी म्हणाले, "आधी जेव, मग सांगते." काय सांगतेस, म्हणाला. तुझ्या प्रश्नाचं, म्हणाले. तो जेवायला बसला. मुग्धाने वरणभात वाढला असावा, चमच्याचा आवाज येत होता. मीही पोह्यांची ताटली घेतली. मुलाने एकट्याने जेवू नये. ताटली रिकामी झाल्याचं ऐकू आलं तसं मी त्याला म्हणाले, अजून भात घे. त्याने घेतला. मी म्हणाले, दही घे. त्याने तेही घेतलं.

मग वाढण्यासारखं काही उरलं नाही.

"ईशान," मी म्हणाले, "कॅमेऱ्यात दाखवलं नाही, पण मी तिथे होते. मी त्याला हात लावला. विनूआजोबा मेला आहे. तो परत येणार नाही."

"कुठे हात लावलास?"

"केसांना. मग शर्टाच्या बटणांना."

"का?"

"चुकीच्या काजात लागली होती."

मग तो म्हणाला, "तो नेहमी चुकीचीच लावायचा." आणि रडायला लागला. मुग्धाने त्याला जवळ घेतलं असणार, कारण नंतर फोनमधून नुसता कापडाचा आवाज येत राहिला. मी थांबले. स्टुलावर फोनशेजारी हात ठेवून थांबले, दुसरं काही करता येत नाही एवढ्या लांबून.

मला वाटलं आज राहिलं. पण थोड्या वेळाने सानिकाचा दबका आवाज आला, "आजी, तो उभा राहिलाय." मग मीही उभी राहिले. घड्याळ कोण बघत होतं कोणास ठाऊक. दोन मिनिटांपेक्षा जास्तच झाली असतील. शेवटी ईशान म्हणाला, त्याच्या त्या मऊ उच्चारात, "चला, कामाला." आणि लगेच, नाक ओढत, "तीन, दोन, एक."

शेवटचा भाग बघितला, विनू. मित्र आईच्या दारापर्यंत जातात. ती दार उघडते, त्यांना आत घेते, टेबलावर ताट झाकलेलं आहे. ती त्यांना बसा म्हणते. मी सोफ्याच्या कडेला आले होते. तेवढ्यात फोनमधून ईशानचा आवाज आला, ओरडून नाही, नुसता, एखाद्याचं गणित चुकलं तर सांगावं तसा.

"खोटं आहे हे."

माझ्या टीव्हीवर तेव्हा अजून ती आईच होती. मग दृश्य बदललं, नदीचा गाळ दिसला, आणि गाळातून एक हात वर आला.

तर पैज तू जिंकलास. त्यांनी आईला सांगितलंच नाही. वाद मात्र मी सोडलेला नाही. सांगायलाच हवं, असं मी अजून म्हणते. आधी जेवू घालावं, हे तुझं मान्य.

पोरांनी पुढच्या शनिवारसाठी दुसरी मालिका निवडली आहे, त्यात कोणीतरी भिंतींतून आरपार जातो. खारी मला आता स्वतः जाऊन आणावी लागेल. सोफ्याच्या शिवणीत हात घातला तर अजून चुरा निघतो, तो मी काढलेला नाही.

तू नाहीस. शनिवारची सकाळ तशीच आहे, मोजायला ईशान आहे, आणि आपला टीव्ही अजून दोन सेकंद मागे चालतो.